बोरू, कृपाण आणि घडीचा चाकू

घडीच्या चाकूचे कुळ शोधायला निघालेला माणूस बहुधा थेट इंग्लंडातल्या शेफिल्डचे नाव घेतो. शेफिल्डचा मान मोठा आहे आणि त्या गावापर्यंत आपण जाणारच आहोत. पण नांदेड-लातूरच्या माणसाने आधी पूर्वेकडे तोंड करावे. नांदेडहून धर्माबाद, बासर ओलांडून गोदावरीच्या काठाने पुढे गेले की निर्मल आणि निजामाबादचा मुलूख लागतो. आज तो तेलंगणात आहे. १९५६पर्यंत नांदेड आणि हा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथल्या कोनासमुद्रम नावाच्या खेड्यात एके काळी जगातले नावाजलेले पोलाद तयार होई. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहून गेला आहे की इराणात ज्या पोलादावर लहरींची नक्षी उमटते ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षण खात्यातल्या डॉक्टराने कोनासमुद्रमच्या भट्ट्या स्वतः पाहिल्या. दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात घेऊन मातीच्या मुशीत बंद करायचे, रात्रंदिवस भाता चालवून ते वितळवायचे आणि मग भट्टीतच सावकाश निवू द्यायचे, अशी ती कृती. पोलाद खरेदी करायला थेट इस्फहानहून आलेला एक व्यापारी त्याला त्या खेड्यात भेटला. व्हॉयसी १८२४ साली वारला आणि त्याचा वृत्तांत १८३२ साली कलकत्त्यात छापून आला. तोवर या भट्ट्यांचे दिवस भरत आले होते.

या पोलादाच्या तलवारींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्याला हवे आहे ते लहान पाते. ते लढणाऱ्याच्या कमरेला क्वचितच सापडते. ते सापडते दस्तरखानावर आणि कलमदानात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीरच्या खंजिराबरोबर नूरजहानचा म्हणून जपलेला फळे कापायचा चाकू आहे, त्याची मूठ हिरव्या जेडची. राजघराण्यातला तो चाकू आणि एखाद्या कारकुनाचा कलमतराश ही एकाच घराण्याची भावंडे आहेत. कलमतराश म्हणजे लेखणी तासायचा चाकू: पाते अरुंद, टोक तीक्ष्ण, मूठ लांब आणि निमुळती. बोरू दोन-चार पाने लिहून झाला की त्याचे टोक बोथट व्हायचे, मग अक्षर फुगायचे. लिहिणारा तेवढ्यापुरता थांबे, बोरू डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकवून तिरपा छाट देई, मधोमध चीर पाडी आणि शेवटी टोक आडवे कापून टाकी. या शेवटच्या कापावर अक्षराचे वळण अवलंबून असे. देशमुखाच्या वाड्यातला मोडी लिहिणारा कारकून आणि तहसिलीतला फारसी लिहिणारा मुन्शी यांची लिपी वेगळी, छाटाचा कोनही वेगळा. मात्र दोघांचाही चाकूवाचून दिवस जात नसे. मराठवाड्यात लहान पाते माणसाच्या जवळ, हाताशी आले ते लेखणीच्या सोबतीने, असे माझे मत आहे. गुन्हेगारीशी चाकूचे नाव जोडले गेले ते फार उशिरा.

आता काळाच्या ओघात एक वळण येते, आणि ते मला या सगळ्या कथेतले सर्वांत विलक्षण वळण वाटते. १७९०च्या दशकात मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इथल्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. इंग्रज त्या पोलादाला वूट्झ म्हणत. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरचा आपला निबंध सोसायटीपुढे मांडला. त्या तपासणीत जेम्स स्टोडार्ट या चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणाऱ्या लंडनच्या कारागिराने वूट्झचा एक तुकडा ठोकून काय घडवले? लेखणी तासायचा चाकू! दख्खनी पोलादाची विलायतेतली ती नावाजलेली परीक्षा एका लहानशा पात्यावर झाली. स्टोडार्ट पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीत अभिमानाने सांगत असे की युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा त्याला हे हिंदी पोलाद अधिक पसंत आहे. १८२०च्या आसपास त्याने मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले, ते याच ओढीने. ज्या फॅरडेला आपण विजेसाठी ओळखतो, त्याचे हात तरुणपणी आपल्या पोलादाचे गुपित शोधण्यात काळे झाले होते.

घडीची कल्पना मात्र आपली नाही, हे मान्य करायला हवे. मुठीत मिटणारे पाते ऑस्ट्रियातल्या हालश्टाटच्या उत्खननात मिळाले आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचे. रोमन लोकही घडीचे चाकू बाळगत. पण या जुन्या चाकूंचे पाते केवळ खिळ्याच्या घट्टपणावर टिके. शेफिल्डच्या कारागिरांची संघटना १६२४ साली कायद्याने स्थापन झाली, आणि त्याच शतकात मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवायची युक्ती तिथे रुळली. पाते उघडले की कमान त्याच्या बुडाला दाबून धरते. मिटवले तरी तीच दाबते. आज आपल्या हातात येणाऱ्या साध्या घडीच्या चाकूचा ‘खट्’ आवाज त्या कमानीचा. त्यानंतर १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समनने शेफिल्डजवळ मुशीत पोलाद वितळवायला सुरुवात केली. मूस तिथेही आणि कोनासमुद्रमलाही. फरक इतकाच की हंट्समनच्या मुशीपाठीमागे दगडी कोळशाच्या खाणी होत्या आणि पुढे आगबोटी व आगगाड्या आल्या. शंभर वर्षांत चित्र उलटले. शेफिल्डचे चाकू मुंबई बंदरात उतरू लागले, जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि क्रूस हा छाप हिंदुस्थानातल्या बाजारात खऱ्या मालाची खूण ठरला. दख्खनच्या भट्ट्या विझल्या आणि कमानीचे घडीचे चाकू कलमतराशाच्या जागी आले.

पण धारेची विद्या भट्टीबरोबर विझली नाही. त्यासाठी आपण परत गोदावरीकाठी, नांदेडला येऊ. बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आलेल्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८च्या ऑक्टोबरात नांदेडला देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तिथे शिखांच्या पवित्र पीठाची, म्हणजे तख्ताची, इमारत उभारून घेतली. याच सुमाराला निजामाच्या फौजेत पंजाबातले शीख सैनिक आले आणि मराठवाड्यात त्यांची घरे झाली. गुरूंची शस्त्रे तख्तावर जपलेली आहेत. दिवाळीच्या आधी तख्तस्नान होते. गोदावरीचे पाणी घागरींनी आणून तख्त धुतले जाते आणि शस्त्रेही उजळली जातात. तीन शतकांचे पोलाद दरवर्षी हाताळून, पुसून, निगा राखून टिकवलेले आहे, आणि हे काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या बदलत आले आहेत. जुन्या पात्यांच्या जतनाची मराठवाड्यातली सर्वांत जुनी अखंड परंपरा कोणती, असे कुणी विचारले तर मी तख्तस्नानाचे नाव घेईन.

शस्त्र उजळणे हा ज्यांचा पिढीजात धंदा ते शिकलगार, पंजाबी बोलीत सिकलीगर. गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रे घडवली ती आपल्या पूर्वजांनी, असे शीख सिकलीगरांची परंपरा सांगते. ब्रिटिश मुलखात १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि या धंद्याचे कंबरडे मोडले. शिखांनी कृपाणासाठी झगडून १९१४ साली पंजाबापुरती आणि १९१७ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानापुरती सवलत मिळवली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत तर पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करण्याचा हक्क नोंदला गेला. पण तलवारी घडवणाऱ्यांना तेवढ्यावर पोट भरता येईना. सिकलीगर कढया, बादल्या, किल्ल्या, सुऱ्या करू लागले. आज गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानांत कडी आणि कृपाणे यांच्या रांगेत लहान चाकूही मांडलेले दिसतात. यात्रेकरू ते सहज उचलून खिशात टाकतो, तेव्हा तलवारीचा एक लांबचा वंशज त्याच्या खिशात जात असतो.

लातूरकडच्या खेड्यांत ही कथा वेगळ्या हातांनी चालवली. औसा-उदगीरच्या किल्ल्यांत तोफा होत्या, उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. त्या किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत मात्र गावचा लोहार विळा-खुरपे घडवत होता, आणि सुगीच्या आधी गाडे घेऊन घिसाडी येत होते. गावाबाहेर पाल पडे, भाता फुंकला जाई, पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरी आणि घिसाडीण डोक्याच्या वर घण उचलून बरोब्बर जागेवर हाणी. मोडकी कानस किंवा जुन्या गाडीची कमानपट्टी घिसाड्याला दिली की तो तिचा चाकू करून देई. हे पाते शेफिल्डच्या पात्यासारखे देखणे नसते, पण कानशीचे पोलाद कडक असते आणि धार धरून ठेवते. कुठल्याही छापाशिवायचा, कानशीच्या दातांच्या पुसट रेघा अंगावर वागवणारा असा चाकू सापडला तर संग्राहकाने तो रॉजर्सच्या बरोबरीने मांडावा. खंडेनवमीला या सगळ्या हत्यारांना घरात मान असतो: घासून, तेलाचा हात देऊन, हळदकुंकू लावून ती पाटावर मांडली जातात. वर्षातून एकदा प्रत्येक पाते तपासले जावे, याची ही लोकांनी स्वतः लावलेली व्यवस्था आहे.

विसाव्या शतकाने घडीच्या चाकूची कामे एकेक करून काढून घेतली. टाक आला, मग फाउंटन पेन आले, बोरू पुस्तीपुरता उरला. पेन्सिलीला शार्पनर मिळाले. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद शोधले आणि पाते पुसून ठेवायची सवय हळूहळू सुटली. हिंदी सिनेमाने रामपुरी चाकू खलनायकाच्या हाती दिला, तेव्हापासून खिशात चाकू असणे हेच संशयाचे कारण झाले. कायदा वास्तविक इतका कठोर नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते, तेही घरकाम, शेती वा उद्योगाखेरीजच्या वापराचे, तेवढेच हत्यारांच्या यादीत येते. आजोबांचा तीन इंची चाकू त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

तोच चाकू आता आपण टेबलावर घेऊ. दोन पाती, शिंगाची मूठ, पितळी अस्तर, सगळे गंजाने धरलेले. पहिला मोह ग्राइंडरचा होतो आणि तो टाळायलाच हवा. चाकावर धरलेले पाते दोन मिनिटांत आरशासारखे होते, पण तापून त्याचे पाणी उतरते आणि बुडाजवळचा छाप कायमचा जातो. तो छाप म्हणजे चाकूचा जन्मदाखला. रॉजर्सच्या पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर ते राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १९०१पूर्वीच्या काळातले. म्हणून बिजागरीत तेलाचे थेंब सोडून चाकू रात्रभर ठेवावा, पाते जोर न लावता थोडेथोडे हलवावे, आतला मळ दातकोरणीने काढावा. तांबडा गंज खातो, तो बारीक स्टीलवूल आणि तेलाने उतरवावा. करडा-काळसर थर मात्र पात्याला राखतो, तो राहू द्यावा. शिंगाची मूठ पाण्यात कधीही भिजवू नये, ती फुगते आणि चिरते. धार निसण्यावर, पाणी किंवा तेल घालून, दोन्ही बाजूंना सारख्या कोनात लावावी. खिळा ढिला झाला असेल तर लोखंडी पट्टीवर ठेवून हलक्या हातोडीने टोकटोक करत आवळावा. एक घाव जास्त पडला तर चाकू उघडेनासा होतो.

पुण्यात दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, दौती गोळा केल्या, तेव्हा घरगुती वस्तूंनाही इतिहास असतो हे महाराष्ट्राला दिसले. १९७५ साली त्यांनी तो संग्रह राज्याला दिला. मराठवाड्यात लहान पात्यांसाठी तसे काम व्हायचे आहे, आणि त्याला उशीर परवडणारा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी परिसरातली दगडमातीची माळवदे कोसळली, त्यांच्याबरोबर कोनाड्या-देवळ्यांतल्या कितीतरी जुन्या वस्तू ढिगाऱ्यात गेल्या. जे उरले ते आज भंगाराच्या काट्यावर किलोने जाते. चाकू मिळाला की कुठल्या गावचा, कुणाच्या कामाचा, कुणी धार लावली, एवढे तरी त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत बांधून ठेवावे. कलमतराश सापडला तर बोरू आणि दौत त्याच्यापासून वेगळी विकू देऊ नये. आणि धार लावणाऱ्या शिकलगाराला त्याच्या आजोबांविषयी विचारायला विसरू नये.