दम्याचे इन्हेलर आणि लहान मूल : एका उपकरणाचा इतिहास

वैद्यकीय उपकरणांचा इतिहास लिहिताना शोधकाचे नाव व शोधाचे साल यांवर भर देण्याची प्रथा आहे. ज्याच्यासाठी ते उपकरण निर्माण झाले, त्यास ते वापरता येते काय, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. हा प्रश्न पुढे ठेवला असता दम्याच्या इन्हेलरचा इतिहास निराळा दिसू लागतो.

श्वासावाटे औषध देण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धोत्र्याचा धूर ओढण्याचा उपचार मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचला. त्यापूर्वीच, १७७८ मध्ये, जॉन मज या इंग्रज वैद्याने वाफ घेण्याच्या आपल्या पात्रास ‘इन्हेलर’ हे नाव दिले होते. पुढे रबरी फुगा दाबून औषधाचा फवारा उडविणारी काचेची उपकरणे आली. परंतु ती नाजूक होती. १९५५ मध्ये अमेरिकेतील रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेझन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी कन्येने विचारले, की केसांच्या फवाऱ्याप्रमाणे हे औषध डबीत का भरता येऊ नये? पुढील वर्षीच मोजकी मात्रा देणारे इन्हेलर बाजारात आले.

एका मुलीच्या प्रश्नातून जन्मलेले हे साधन लहान मुलांच्या मात्र आवाक्याबाहेरचे ठरले. डबी दाबणे आणि सावकाश, खोल श्वास घेणे या क्रिया एकाच क्षणी साधाव्या लागतात. नंतर काही सेकंद श्वास रोखावा लागतो. चार वर्षांच्या मुलास हा मेळ साधणे दुर्घट होय. मेळ चुकला, की बरेचसे औषध तोंडात व घशातच राहते.

साधन हाती आले म्हणजे उपचार झाला असे नव्हे, याचा कटु अनुभव १९६० नंतरच्या दशकात आला. इंग्लंड व वेल्समध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांतील दम्याचे मृत्यू १९५९ ते १९६६ या काळात जवळजवळ आठपट झाले. फवाऱ्यांच्या अतिवापराकडे संशयाची सुई वळली. त्या मृत्यूंच्या कारणांविषयी पुढे मतभेद झाले. तथापि योग्य मार्गदर्शनाची निकड त्यामुळे अधोरेखित झाली, यात शंका नाही.

लहान मुलांच्या अडचणीवर तोडगा निघाला तो ‘स्पेसर’मुळे. इन्हेलर व तोंड यांच्यामध्ये पोकळ नळी ठेवली, की फवारा क्षणभर तिच्यात थांबतो आणि मूल आपल्या नेहमीच्या गतीने श्वास घेत तो आत ओढते. १९९९ मध्ये केप टाउन येथील संशोधकांनी दाखविले, की प्लॅस्टिकच्या ५०० मिलिलिटर बाटलीस भोक पाडून व जोड नीट बंद करून केलेला स्पेसरही विकतच्या स्पेसरइतकाच उपयुक्त ठरतो. गरीब कुटुंबांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

आज सुमारे तीन वर्षांपर्यंत मास्कसह स्पेसर, आणि पुढे तोंडात धरावयाची नळी, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांत औषध फारच थोडे पोहोचते. म्हणून बळजबरी निष्फळ ठरते. बाहुलीस मास्क लावणे, मास्क मुलाच्याच हाती देणे, प्रत्येक श्वास मोठ्याने मोजणे, हे खेळ वाटले तरी उपचाराचेच भाग होत.

तात्पर्य, मुलाने यंत्रास अनुरूप व्हावे ही अपेक्षा सुटली आणि यंत्र मुलाच्या श्वासाची वाट पाहू लागले, तेव्हाच हा शोध खऱ्या अर्थाने पूर्ण झाला. उरलेले काम शिकविणाऱ्याच्या धीराचे आहे.