मुंबई आणि कराची : अंतर व कालमान

दोन नगरांमधील अंतर ही भूगोलाने एकदाच ठरवून दिलेली संख्या होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. भाषेचा पुरावा मात्र निराळा आहे. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘हाक’ असा आहे. हाक जेथवर ऐकू जाई तेथवरचे अंतर, ही त्यामागील कल्पना. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण यावरून आलेला शब्द मराठीत एका दिवसाच्या वाटचालीचा वाचक झाला. तात्पर्य, अंतर सांगताना मनुष्याने प्रथम आपला आवाज आणि आपला दिवस हीच मापे योजिली. विमानप्रवासाचे अंतर तासांत सांगण्याची रीत याच परंपरेतील होय. हे कालमान कशावर अवलंबून असते, हे मुंबई व कराची यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

या दोन नगरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. सिंध प्रांत १८४३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचा भाग होता. नोकरी व व्यवसाय यांनिमित्त अनेक मराठी कुटुंबे कराचीत स्थायिक झाली होती. प्रवास आगबोटीने होई, किंवा अहमदाबाद, मारवाड आणि सिंधमधील हैदराबाद या वळणाच्या रेल्वेमार्गाने. त्याची गणना दिवसांत करावी लागे.

१९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल येऊ लागले. ते पुढे नेण्याची योजना १९३२ मध्ये सिद्धीस गेली. त्या वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ‘पुस मॉथ’ या लहान विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस इंधन घेऊन दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या धावपट्टीवर उतरले. वाट वळणाची, म्हणून सुमारे एक हजार किलोमीटरांची होती. तरी मुक्कामासह सव्वासात तास पुरले. पुढे जेट विमानांनी हाच काळ दीड तासाच्या आसपास आणला.

यंत्राने साधलेली ही प्रगती राजकारणापुढे मात्र टिकली नाही. १९४७ च्या फाळणीने दोन्ही नगरे दोन राष्ट्रांत गेली. १९६५ व १९७१ च्या युद्धांत हवाई दळणवळण तुटले. १९७१ नंतर ते १९७६ पर्यंत बंद होते. २००२ च्या आरंभी पुन्हा तोच प्रसंग आला आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांस आपले आकाश बंद केले. मुंबईहून कराचीस थेट प्रवासी विमान नाही. दुबईमार्गे जावयाचे तर सुमारे ३,१०० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट, वाट आक्रमावी लागते. उड्डाणाचे सुमारे पाच तास आणि मधला थांबा यांची बेरीज केल्यास एका लहानशा टपाल-विमानास १९३२ मध्ये लागलेल्या वेळाइतका, किंबहुना त्याहून अधिक, काळ खर्ची पडतो.

प्रवासाचा काळ केवळ यंत्राच्या वेगाने ठरत नाही. वाट मोकळी असणे ही त्याची पहिली अट होय. मुंबई आणि कराची यांच्यामधील कोस होते तितकेच राहिले आहेत. मजल तेवढी वाढली आहे.