शेंडेफळाची आई

घरातल्या सगळ्यात शेवटच्या लेकराला आपण शेंडेफळ म्हणतो. थोरलीचं लग्न झालेलं असायचं, आईला चाळिशी लागलेली असायची आणि मग हे उशिराचं मूल व्हायचं. त्याचे लाड सगळ्यांनी केले. पण त्याच्या आईकडे कुणी पाहिलं का? रात्री घामानं निथळणारी, कधी महिन्यातून दोनदा पाळी येणारी, कधी तीन महिने न येणारी, झोप उडालेली, आणि तरी पहाटे उठून लेकराच्या मागं धावणारी ती बाई. पाळी गेली की “सुटली बाई” असं म्हणायची रीत होती. जायच्या आधीच्या वर्षांना मात्र नाव नव्हतं. आज आपण त्या वर्षांचा इतिहास बोलू.

पाळी कधी जाते, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत लिहिलंय की पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला जाते. ‘मेनोपॉज’ हा शब्द मात्र दोनशे वर्षांपूर्वीचा. फ्रान्समधल्या गार्दान नावाच्या डॉक्टरानं तो १८२१ साली आपल्या पुस्तकाला दिला. आपल्याकडे पुस्तकात त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. १९२३ साली अमेरिकेत अ‍ॅलन आणि डॉइझी या शास्त्रज्ञांनी बीजकोशातला रस शोधला, त्याला पुढं इस्ट्रोजेन नाव पडलं. हा रस कमीजास्त होऊ लागला की अंगातून वाफा येतात, झोप मोडते, जीव चिडचिडा होतो, सांधे दुखतात. पाळी जायच्या आधीच्या या काळाच्या पायऱ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवल्या, त्या थेट २००१ साली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी हे सोसलं तेव्हा डॉक्टरांकडेसुद्धा त्याची नीट मांडणी नव्हती.

आता आपल्या घरांकडे येऊ. १८९१ साली सरकारनं संमतीवयाचा कायदा केला, तेव्हा मुलीचं वय दहाचं बारा करायलाही केवढा विरोध झाला. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय १४ ठरलं. लवकर लग्न, आणि मग पाळी जाईपर्यंत बाळंतपणं. १९५० च्या सुमाराला आपल्या देशात एका बाईला सरासरी सहा मुलं होत. त्यामुळे सासू आणि सून एकाच वर्षी बाळंतीण, मामा भाच्यापेक्षा लहान, हे घरोघरी होतं.

शेंडेफळ व्हायचं त्याला शरीरातलंही एक कारण होतं. पाळी जायला लागली की बीज दर महिन्याला सुटत नाही, पण अधूनमधून सुटतंच. दोन-तीन महिने पाळी आली नाही की बाईला वाटायचं, गेली. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट सांगायचं की गेली नव्हती. हे आजही तसंच आहे. पूर्ण एक वर्ष पाळी आली नाही, तरच ती गेली असं धरायचं. तोवर दिवस राहू शकतात.

त्या आजीला एक गोष्ट होती, जी आपल्याला नाही. तिचं शेंडेफळ तिच्या एकटीच्या अंगावर नव्हतं. थोरली लेक कडेवर घ्यायची, जाऊ भरवायची, सून न्हाऊ घालायची. आई चिडली तर लेकरू दुसऱ्या मांडीवर जायचं. पण याचा अर्थ जुनं सगळं बरं होतं असा नाही. रक्त जाऊन जाऊन बाई पांढरीफटक पडायची, तरी सांगायची कुणाला? पाळीचा विषय विटाळाचा. तो घरात उच्चारायचा नाही.

हा विषय मराठीत उघड बोलण्याची किंमत र. धों. कर्व्यांनी मोजली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि ते १९५३ पर्यंत चालवलं. अश्लील म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुढे १९५२ साली देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला आणि बाळंतपणं कमी झाली. आज महाराष्ट्रात एका बाईला सरासरी दोनाहून कमी मुलं आहेत. हे मोठं सुख आहे.

पण बोलणं काही सुरू झालं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचा कुठला ना कुठला आजार निघाला. त्याआधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ होत्या. बाकीच्या सोसत होत्या.

सोसण्याच्या जागी मग काय आलं? पिशवी काढणं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची बातमी आली आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या होत्या, आणि बहुतेक खासगी दवाखान्यांत. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापले जाणार, फडात न्हाणीघर नाही. पोटात दुखतंय, पांढरं जातंय, एवढ्यावर पिशवी निघाली. यातल्या कितीतरी बाया तिशीतल्या. पदरात लहान लेकरं.

इथंच शेंडेफळाच्या आईची गोष्ट पुन्हा घडते, पण उलटी. तिच्या शरीराला पाळी जायचे दिवस आपसूक आले होते. या बाईवर ते पंधरा-वीस वर्षं आधी लादले गेले. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर वाफा, घाम, चिडचिड एका रात्रीत सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता असते. आणि या बाईच्या घरात जाऊ नाही, थोरली लेक नाही. कोयता असतो तो नवरा-बायकोचा, लेकरू उसाच्या पाचटावर.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना पिशवी काढणं थांबवण्याची नियमावली तीन महिन्यांत लागू करा. कागद झाला. तो दवाखान्याच्या दारात वापरायचा तर बाईला आपल्या शरीराची माहिती पाहिजे.

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या, त्या तुम्हालाही सांगतो. पाळीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहायची. चाळिशीत तारीख हलायला लागली तर घाबरायचं नाही, पण तासाला कपडा बदलावा लागत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, तर उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यायचं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही अंगावर काढायचं नाही. पिशवी काढा म्हटलं, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. विचारायचं, औषधानं बरं होईल का? बीजकोश ठेवणार की काढणार? वाफा सोसवत नसतील तर त्यावरही उपचार आहेत, तेही तपासणी करून, डॉक्टरला विचारूनच घ्यायचे.

आणि लेकरांचं. ज्या मैत्रिणीची झोप होत नाही, तिचं लहान मूल बैठकीच्या दिवशी दोन तास दुसरीनं सांभाळायचं. घरात नवऱ्याला आणि सासूला सांगायचं की हा राग स्वभावाचा नाही, हे चार-पाच वर्षांचं वळण आहे. मुलालाही सांगता येतं, “आज आईला बरं नाही, तू काही चुकलेला नाहीस.” कितीतरी शेंडेफळं आईच्या त्या दिवसांतल्या रागाचं ओझं मनात घेऊन मोठी झाली, कारण त्यांना हे कुणी सांगितलंच नाही.

आजीच्या घरात हात होते, बोलणं नव्हतं. आज बोलायला गट आहे. हात आपणच एकमेकींना द्यायचे. पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की हा विषय घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तुमची पाळी गेली तेव्हा काय काय झालं होतं?