घडी मोडण्याआधी

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवलाय, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा." पण प्लॉट कसे पडले, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, रस्त्याच्या डांबरासाठी किती खेटे घातले, हे सगळं बाकीची मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. त्या सभांना ती हजर होती, मी घरात चहा करत होते. म्हणून मी आपल्या कपाटांचा इतिहास लिहायला घेतलाय. हसू नका. इतिहास ताम्रपटात असतो तसा ट्रंकेतही असतो.

सुरुवात ऑगस्ट २०१९ पासून करते. कृष्णेला महापूर आला, काठची गावं पाण्यात गेली. आपल्या सोसायटीने दोन दिवसांत कपड्यांची एकवीस पोती जमवली, पोरांनी टेंपोत चढवली, नारळ फोडला, फोटो काढला. पाणी ओसरल्यावर त्यातली चौदा पोती परत आली. टेंपोवाला म्हणाला, "काकी, लोकांना चादरी पायजेत, आतले कपडे पायजेत, गाऊन पायजेत. टिकल्यांच्या साड्या नेसून चिखल काढायचा व्हय?"

हॉलमध्ये पोती सोडली. मला मोजायची सवय. त्रेसष्ट कपडे असे निघाले की त्यांचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं किंवा त्यांची घडी मोडलेली नव्हती. त्यात तीन साड्या माझ्या. म्हणजे आपण पूरग्रस्तांना जुने कपडे दिले नव्हते. घेऊन विसरलेले कपडे दिले होते. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

आता मागे जाऊ. माझ्या सासूबाई १९२८ च्या. त्यांच्या लहानपणी आपल्या भागात साध्या शेतकऱ्याच्या घरात बाईला दोन लुगडी असत, एक अंगावर आणि एक दोरीवर. सणाचं तिसरं असलंच तर ट्रंकेत. लुगडं मधोमध विरलं की ते आडवं फाडायचे, विरलेला भाग काढायचे आणि दोन्ही धड टोकं जोडून शिवायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर जायचं. मग त्यातून पोरीचं परकर-पोलकं, मग बाळाची दुपटी, मग वाकळ, आणि अगदी शेवटी पोतेरं. जे काठापदराचं किंवा जरीचं असेल ते बोहारणीला, एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करून.

हे ऐकून "जुने लोक किती शहाणे" असं कुणी म्हटलं की सासूबाई चिडायच्या. "श्यानपणा कसला त्यात? दुसरं नव्हतं." पावसाळ्यात दोरीवरचं वाळलं नाही की ओलंच नेसून भांगलायला जायचं, हे त्यांनी सोसलं होतं. त्यात १९४३ पासून युद्धामुळे कापडावर नियंत्रण आलं. मांजरपाटासाठीसुद्धा रांग लागायची आणि चांगला माल काळ्या बाजारात जायचा. तेव्हा दोन लुगड्यांचं गुणगान मी करणार नाही. गरिबीला साधेपणा म्हणणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे.

पण त्या काळी खरेदीला आपोआप लागणारा ब्रेक मात्र होता. बाजार आठवड्यातून एकदा. पैसा सुगीला, नंतरच्या काळात ऊसबिल आलं की. एखादं लुगडं मनात भरलं तर दुकानदाराला सांगायचं, "बाजूला काढून ठेवा, पुढच्या बाजारी येते." त्या आठ दिवसांत निम्म्या वेळा मन फिरायचं. आणि घेतलेल्या कापडाला मान होता. कोऱ्या कापडाला हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय ते अंगाला लागत नसे. आपल्या आष्ट्याची भावई ज्या चौंडेश्वरीची, ती देवांग कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची कुलस्वामिनी. कापड विणणाऱ्यांची देवी ज्या गावाची देवी, त्या गावाला कापडाची किंमत वेगळी शिकवायला नको होती.

नसल्यामुळे न घेणं वेगळं आणि असून न घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचा इतिहासही आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबाराला जाडीभरडी खादी घालून गेले. भोवती सगळे संस्थानिक हिऱ्यामोत्यांत. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते, हे मी वर्गात मुद्दाम सांगायची. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी झाली, तिथे जोतिराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरा हिंदुस्थान असा दिसतो, हे त्यांना पाहुण्याला दाखवायचं होतं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच जुन्या सातारा जिल्ह्यातलं. पुढे ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकर आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी विदेशी कापडाची होळी केली, तिथे टिळक हजर होते. १९२१ साली मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते मोठी होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० ला विदेशी कापडाची मोटार अडवताना बाबू गेनू तिच्याखाली गेला. गिरणीत काम करणारा, आंबेगाव तालुक्यातला पोरगा.

वर्गात पोरांना होळी फार आवडायची. मला मात्र होळीबद्दल नेहमी थोडी शंका वाटत आली. रवींद्रनाथ टागोरांनाही हे कापड जाळणं पटलं नव्हतं. जाळायला एक संध्याकाळ पुरते आणि चारचौघांत जोश येतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोरून जाताना पाय आत वळू न देणं, आणि ते वर्षानुवर्षं, याचा फोटो निघत नाही. या दुसऱ्या कामाला माझ्या माहितीतलं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या वाळवा तालुक्यात घडलं, आणि त्याची पाटी कुठंही नाही.

ते म्हणजे गांधी लग्न. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी आणि त्यांच्या प्रतिसरकारने रेल्वे अडवल्या, खजिने लुटले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण लग्नाच्या खर्चापायी शेतकरी सावकाराच्या दारात जातो आणि जमीन घालवतो, हेही त्यांनी ओळखलं होतं. म्हणून लग्नं साधी करायची, हुंडा नाही, मानपान नाही, वऱ्हाडाला आहेर नाही. कुंडलला जी. डी. बापू लाडांचं स्वतःचं लग्न असंच लागलं. ते भूमिगत होते आणि पोलीस मागावर होते, तरी हजारो माणसं जमली.

माझ्या सासूबाईंचं लग्न १९४५ चं, गांधी लग्नच. अंगावर पांढरं खादीचं लुगडं, गळ्यात सुताचा हार. मी एकदा विचारलं, "आत्या, नवरीला पांढरं? वाईट नाही वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं की. आदल्या रात्री रडले. पण मांडवात गेले तर माझ्या आधीच्या दोन्ही नवऱ्या तशाच. मग कुणाला बघून लाजू?"

हे वाक्य मी चाळीस वर्षं बाळगून आहे. एकट्या मुलीने पांढरं खादीचं लुगडं नेसलं असतं तर ती गरीब ठरली असती. तिघींनी नेसलं, गावानं ठरवलं, म्हणून जिनं भरजरी नेसलं असतं तिलाच लाजायला झालं असतं. "लोक काय म्हणतील" ही भीती प्रतिसरकारने घालवली नाही. तिचं तोंड फक्त दुसरीकडे फिरवलं.

आणि ते परत पूर्ववत कसं फिरलं, हे आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत मी डोळ्यांनी पाहिलंय. आपण इथे राहायला आलो तेव्हा कापड घ्यायला सांगली नाहीतर इस्लामपूर, आणि घाऊक घ्यायचं तर इचलकरंजी, जिथे १९०४ सालापासून यंत्रमाग खडखडतोय. २००४ मध्ये दूरदर्शन संचावर 'होम मिनिस्टर' आलं आणि पैठणी हा शब्द घराघरात गेला. चांगलंच झालं, पण येवल्याच्या हातमागाची पैठणी परवडणाऱ्या आपल्यात किती? म्हणून सेमी पैठणी आली, आणि एक खरी घेण्याऐवजी आपण चार खोट्या घेतल्या. मग मालिकेतल्या जान्हवीचं मंगळसूत्र, मग मस्तानी ड्रेस. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं, आणि आठवड्याचा बाजार खिशात येऊन बसला. वॉचमनच्या केबिनमध्ये पार्सलं ठेवायला आपल्याला वेगळं रॅक करावं लागलं. त्याचा खर्च सभेत मंजूर झालाय, इतिवृत्त बघा.

पण सगळ्यांत कळस केला नवरात्रीच्या नऊ रंगांनी. हे पुराणात आहे असं समजणाऱ्या मुली मला भेटतात. बाळांनो, हा उपक्रम 'महाराष्ट्र टाइम्स' या वर्तमानपत्राने २००३-०४ च्या सुमारास सुरू केला. रंग वारावरून ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा असं काहीतरी. यात वाईट काही नाही. लोकलमध्ये, बँकेत, शाळेत बायका एका रंगात दिसल्या की छान वाटतं, मीही नेसले. पण गंमत बघा, सात वार तेच आणि सात रंगही तेच. एकदा घेतलेल्या साड्या जन्मभर पुरायला हव्यात. तरी आपण दर वर्षी नव्या घेतो, कारण गेल्या वर्षीची पिवळी फोटोत येऊन गेलेली असते.

या फोटोपायी २०२१ मध्ये एक गोष्ट घडली. आपल्या शेवटच्या लाईनीतली एक शेजारीण, तिचं नाव लिहीत नाही, लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचं काम सुटलेलं. तिसऱ्या माळेपासून ती आरतीला यायची बंद झाली. विचारलं तर म्हणे पाय दुखतोय. मी तेल घेऊन गेले. ती ठणठणीत होती, भाकरी थापत होती. म्हणाली, "बाई, राखाडी नाही माझ्याकडं. ग्रुप फोटोत एकटीच वेगळी दिसते. आणि राखाडी कोण घेतं हो एरवी?" पाच-सातशे रुपयांच्या साडीसाठी एक बाई देवीच्या आरतीला मुकली. आणि ते ठरवणाऱ्या आम्हीच होतो, सकाळी ग्रुपवर रंग टाकणाऱ्या. माझ्या कपाटात त्या दिवशी दोन राखाडी साड्या होत्या. एकीची घडी मोडलेली नव्हती.

मग मला सासूबाईंचा मांडव आठवला. पुढच्या वर्षी घटस्थापनेआधीच्या भिशीत मी विषय काढला. होळीबिळी काही नको. फक्त एवढंच, की नवरात्रीसाठी नवीन कुणीच घ्यायचं नाही आणि ज्यांच्याकडे जादा आहेत त्यांनी त्या हॉलमधल्या लोखंडी कपाटात आणून ठेवायच्या. वही ठेवली, नेली तारीख, आणली तारीख. एकशे चार साड्या आल्या.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. पहिली अडचण ब्लाऊजची, दुसरीचं ब्लाऊज कुणाला बसणार? शेवटी काळं, सोनेरी आणि लाल अशी तीन ब्लाऊजं जिची तिने ठेवायची असं ठरलं. एका रेशमी साडीवर हळदीचा डाग पडला आणि दोघीजणी थेट संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत बोलल्या नाहीत. काहीजणींना दुसरीची नेसणं कमीपणाचं वाटतं, त्या अजूनही घेत नाहीत, पण नवीनही आणत नाहीत. सुनांनी वहीचा मोबाईलवर तक्ता केला, मला तो उघडता येत नाही.

तरुण पोरींशी मात्र मी हरले आहे. माझी नात पुण्याला असते. तिला मी सांगितलं, आवडलं तर कार्टात टाक आणि पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत ठेव. तिने ठेवलं. तर तिसऱ्या दिवशी त्या अ‍ॅपचाच निरोप, शेवटचे दोन नग उरले! आमचा दुकानदार निदान बाजूला काढून तरी ठेवायचा. एका सुती टी-शर्टाला कापसापासून धरून सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हे तिला सांगितलं. इचलकरंजीच्या रंगाचं पाणी पंचगंगेचं काय करतं, हेही सांगितलं. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून कपडे शिवणारे अकराशेहून जास्त कामगार गेले, तेही सांगितलं. ती ऐकून गप्प झाली. पुढच्या महिन्यात जीन्स घेतली. पण या दिवाळीत इथे आली तेव्हा म्हणाली, "आजी, आमच्या होस्टेलवर पण तुमच्यासारखं कपाट करता येईल का? आम्ही सहाजणी आहोत." मी म्हटलं, ब्लाऊजचं आधी ठरवा.

गेल्या नवरात्रीत शनिवार आला. राखाडी. शेवटच्या लाईनीतली ती शेजारीण वहीत सही करून माझीच ती न मोडलेली साडी घेऊन गेली. संध्याकाळी आरतीला आली, निऱ्या नीट चापून. प्रसादाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, घडी मी मोडली. चालतंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी तिने साडी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली. वहीत पुढचं नाव आधीच लागलेलं होतं.