शिवारातली झोप कुणी नेली?

मेंदूच्या आरोग्यावर बोलणे निघाले की झोपेचा विषय येतो आणि झोपेचे खापर लगेच मोबाइलवर फुटते. मांजरेकाठच्या कळंब तालुक्याचा इतिहास पाहिला तर हा निवाडा घाईचा ठरतो. हातात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी इथल्या शेतकऱ्याची झोप विजेच्या वेळापत्रकाने मोडली होती. यंत्र झोप हिरावते की परत देते, हे ते चालवण्याची वेळ कोण ठरवतो यावर अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे.

जुनी रात्र सुखाची होती, असा समज कुणी करून घेऊ नये. बाया कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसत. ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरांपायी माळ्यावर राखण असे. गोंधळ-जागरणात रात्र सरे. पण या जागरणाला हद्द होती. राखण सुगीपुरती, गोंधळ कार्यापुरता. मोट सहसा पहाटे जुंपत. ऊन चढले की बैल सोडत आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरे. बैल थकले की माणसालाही थांबावे लागे. याच जिल्ह्यातल्या तुळजापूरला भवानीमातेची मूर्ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात: शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. ही उपासना आहे, निद्राशास्त्र नव्हे. तरीही ज्या समाजाने युद्धाच्या श्रमानंतर देवीलाही निजेचे दिवस नेमून दिले, त्याला विश्रांती हा कामाचाच भाग वाटत होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

नंतर यंत्रे आली आणि त्यांनी एकसारखे काम केले नाही. पिठाच्या गिरणीने बायांचे पहाटेचे दळण सोडवले. म्हणजे यंत्राने झोप परत दिली. विजेच्या मोटारीने उलटे केले. 1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, पुढे खेडोपाडी तारा पोचल्या. शेजारच्या केज तालुक्यात मांजरेवर धनेगावचे धरण झाले, ऊस वाढला, रांजणीला नॅचरल शुगरचा कारखाना उभा राहिला. मोटार थकत नव्हती, पण वीज पुरत नव्हती. दिवसा शहरे आणि कारखाने वीज ओढत. कोळशावरचे संच मात्र रात्री सहजी बंद ठेवता येत नाहीत. ही रात्रीची वीज शेतीच्या वाट्याला आली. 2005 साली मंडळाची विभागणी होऊन महावितरण आले, तरी हे बदलले नाही. चक्राकार पद्धत रूढ झाली ती अशी: दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास, पाळीपाळीने. आणि नुसती मोटार चालू करून भागत नाही. सरी-वरंब्यात एक सरी भरली की फावड्याने तिचे दार बुजवायचे आणि पुढचे फोडायचे. दारे धरणाऱ्याला डोळा लावता येत नाही.

याची किंमत मेंदू आणि हातपाय मोजतात. 1997 साली डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जागरण आणि मद्य यांचा हात-डोळ्यांच्या समन्वयावर होणारा परिणाम एकाच चाचणीने मोजला. सलग 17 तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी झाली होती. आपल्या कायद्यात वाहनचालकाची मर्यादा 0.03 टक्के आहे. सकाळी सहाला उठून दिवसभर राबलेला माणूस रात्री अकराला ओल्या बांधावरून स्टार्टरच्या पेटीकडे निघतो, तेव्हा त्याचे 17 तास पुरे झालेले असतात. वाटेत साप-विंचू आणि पेटीत उघडी तार. शिवाय पाळी बदलत राहते. शरीरातले घड्याळ नव्या वेळेला हळूहळू, दिवसाला साधारण तासभर सरकते. ते सरकेपर्यंत वेळापत्रक पुन्हा उलटते.

मोबाइलचे काय, असे कुणी विचारील. 2015 च्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याआधी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप सुमारे 10 मिनिटे उशिरा लागली आणि त्यांचे मेलॅटोनिन, म्हणजे झोपेचे संप्रेरक, दीड तास मागे पडले. प्रयोग फक्त 12 जणांवरचा होता आणि पडद्यावरचे अनावर बघणे वेगळे, हे मान्य. पण विजेची रात्रपाळी दहा मिनिटे नव्हे, सबंध रात्र घेते. उलट पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने मोबाइलवरूनच मोटार चालू-बंद करण्याची सोय केली आणि विहिरीपर्यंतची खेप वाचवली. दुसरा आक्षेप असा की पूर्वीही माणसे कमीच झोपत. तोही खरा असावा: वीज नसलेल्या तीन समाजांच्या 2015 मधील अभ्यासात सरासरी झोप 5.7 ते 7.1 तासच निघाली. मात्र ती बहुतांशी रात्रीची आणि नेमाची होती. तिसरा आक्षेप, रात्री पाण्याची वाफ कमी होते. ज्याला त्यासाठी रात्र हवी त्याने ती घ्यावी. सक्ती मात्र असू नये.

ही सक्ती अटळ नाही. सौर विजेमुळे आता दिवसाच वीज मुबलक मिळू शकते. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. या योजनेचे यश मेगावॅटबरोबर परत मिळालेल्या झोपेतही मोजले पाहिजे. आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर विचारतात, तसे ‘रात्री दारे धरता का, महिन्यातून किती वेळा?’ हेही विचारून नोंदवावे. अशा नोंदींविना मेंदूच्या आरोग्याचे संशोधन शहरातल्या पडद्यापाशीच थांबेल आणि ज्यांची झोप सरकारी वेळापत्रकाने गेली, ते त्याच्या हिशेबात कधी येणारच नाहीत.