डीपीवरचा भार कोण मोजणार?

विद्यार्थ्यांनी गावाचं सल्लागार व्हायचं, ही कल्पना जुनीच. आयआयटी मुंबईत १९८५ साली 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं. तिथली पोरं गावात राहून पाणी-विजेचा हिशेब मांडतात. २०१४ला आयआयटी मुंबईतूनच 'सोल'चे सौरदिवे निघाले. जोडणी, विक्री, दुरुस्ती गावकऱ्यांकडेच. (मला दिव्यापेक्षा ती दुरुस्ती मोठी वाटते.) २०१६ला उन्नत महाराष्ट्र अभियानातून सरकारनं हे काम इंजिनिअरिंग कॉलेजांपर्यंत न्यायचं ठरवलं.

आता आपलं कळवण. चणकापूरचं पाणी आहे, पण मोटारीची वीज पाळीनं. कांदा भरायला रात्री बाप उठतो, अन् इंजिनिअरिंगचा पोरगा प्रोजेक्ट विकत आणतो! त्यानंच आपल्या डीपीवरचा भार मोजला तर? येत्या ग्रामसभेत मी हेच विचारणार आहे.