गतीचें माप

जुन्या व नव्या वस्तूंची तुलना करावयाची झाली म्हणजे मनुष्य प्रथम एखादा आंकडा शोधतो. आगगाडी तासांत किती मैल धांवते, तोफेचा गोळा किती शेर वजनाचा, एवढें कळलें कीं निकाल लागला असें त्यास वाटतें. घरगुती संगणकाच्या बाबतींत हा आंकडा मेगाहर्ट्झचा होता. प्रोसेसर म्हणून संगणकाचा जो मेंदू, त्याचें सर्व काम एका अखंड ठोक्यावर चालतें. सेकंदांत दहा लक्ष ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ, व एक हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ. हें माप प्रथमपासून खोटें होतें असें मुळींच नाहीं. १९७८ सालचा इंटेलचा ८०८६ हा ५ मेगाहर्ट्झचा, १९९३ सालचा पहिला पेंटियम ६० व ६६ मेगाहर्ट्झचा. आणि दुसरा पहिल्याहून किती तरी चपळ, हें कोणासहि दिसत होतें. मार्च २००० मध्यें एएमडीच्या अ‍ॅथलॉननें एक गिगाहर्ट्झचा टप्पा गांठला व दोनच दिवसांनीं इंटेलच्या पेंटियम ३ नें.

येथवर ठोके आणि काम हीं बरोबरीनें चाललीं होतीं. त्यांची फारकत झाली ती २० नोव्हेंबर २००० रोजीं, पेंटियम ४ बाजारांत आला तेव्हां. त्याचे ठोके १.४ व १.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे मागच्याच्या जवळजवळ दीडपट. परंतु परीक्षकांनीं प्रत्यक्ष काम देऊन पाहिलें, तों लेखनाच्या व हिशेबाच्या कांहीं नित्याच्या कामांत एक गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ च पुढें!

याचें कारण समजण्यास यंत्रशास्त्र नको. इमारतीचा स्लॅब पडतांना मजुरांची रांग हातोहात घमेलीं पोंचविते, तें वाचकांनीं पाहिलेंच असेल. रांगेंत दहांच्या ऐवजीं वीस माणसें उभीं केलीं, तर प्रत्येकास हात थोडाच लांबवावा लागतो व ताल जलद धरतां येतो. पेंटियम ३ च्या रांगेंत सुमारें १० टप्पे होते. पेंटियम ४ मध्यें ते २० केले. परंतु गवंडी मध्येंच ओरडला, ‘इकडे नको, पलीकडे!’ तर रांगेंतलीं सर्व घमेलीं वायां जातात, व लांब रांगेंत तीं अधिक जातात. संगणकाच्या कामांत ‘अमुक असेल तर असें, नसेल तर तसें’ हे फांटे पदोपदीं येतात. प्रोसेसर पुढच्या फांट्याचा आधींच अंदाज बांधून रांग भरून ठेवितो, व अंदाज चुकला कीं सर्व पुन्हां भरावें लागतें. ध्वनि व चलच्चित्रें यांसारख्या संथ, एकसुरी कामांत मात्र नवा प्रोसेसर खरोखरच सरस होता, हें सांगितलें पाहिजे.

दुकानाच्या फळीवर यांतलें कांहींच लिहिलेलें नसे. आंकडा तेवढा ठळक असे. २००१ सालीं आम्हींहि त्या आंकड्यापायीं एका महिन्याच्या वेतनाहून अधिक रक्कम जादा मोजली. घरीं येऊन केलें काय, तर प्रश्नपत्रिका लिहिल्या आणि गुणांचे तक्ते मांडले! शेजाऱ्यांचा जुना संगणक तेंच काम तितक्याच वेळांत करी. दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं; इतिहासाच्या अध्यापकानें तरी आंकडा कशाचा आहे हें विचारावयास हवें होतें. एएमडीनें ऑक्टोबर २००१ पासून निराळीच युक्ति केली. १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर तिनें ‘१८००+’ असें नांव छापलें. जुन्या अ‍ॅथलॉनशीं ही तुलना आहे, असा तिचा खुलासा. गिऱ्हाईक मात्र तो आंकडा पेंटियम ४ शीं ताडून पाही.

आम्हांस वाटतें, येथें एक विपरीत गोष्ट घडली. ज्या आंकड्यानें गिऱ्हाईक भुलतें, त्या आंकड्याच्या ओढीनें यंत्राची घडणहि होऊं लागली. अभियंत्यांस केवळ मोहांत पडलेले म्हणणें अन्यायाचें होईल. ट्रान्झिस्टर लहान होतांना त्यास लागणारी वीजहि त्या प्रमाणांत उतरते, हा १९७४ सालीं आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड प्रभृतींनीं मांडलेला नियम तोंवर बहुतांशीं खरा ठरत आला होता. परंतु फेब्रुवारी २००४ मध्यें ३१ टप्प्यांचा नवा पेंटियम ४ निघाला, तेव्हां ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले होते कीं वीज त्यांतून नुसतीच पाझरूं लागली. ३.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ११५ वॅट उष्णता ओकूं लागला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडावा लागला, आणि कंपनीचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनीं एका परिषदेंत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्धवट विनोदानें कां होईना, क्षमा मागितली.

तोड निघाली ती जुन्याच घराण्यांतून. इस्रायलांतील हैफा येथील इंटेलच्या मंडळींनीं प्रवासी संगणकासाठीं पेंटियम ३ च्याच वळणावर २००३ सालीं पेंटियम एम सिद्ध केला होता. बॅटरीवर चालावयाचें असल्यामुळें तेथें उधळपट्टीस वावच नव्हता. त्याच परंपरेंतून जुलै २००६ मध्यें कोअर २ ड्युओ जन्मास आला: टप्पे १४, ठोके २.४ गिगाहर्ट्झ, उष्णता ६५ वॅट. हा ठोक्यांत मागें असलेला प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला बहुतेक कामांत सहज मागें टाकी.

१९९३ पासून २००४ पर्यंतच्या अकरा वर्षांत ठोके ६६ मेगाहर्ट्झवरून ३.८ गिगाहर्ट्झवर गेले, म्हणजे सत्तावन्नपटींहून अधिक. पुढच्या एकोणीस वर्षांत, २०२३ सालीं, घरगुती प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झला पोंचला. ही वाढ दुप्पटहि नव्हे. एका ठोक्यांत होणारें काम आणि एका चकतींत नांदणारे मेंदू मात्र याच काळांत वाढत गेले. आमचा २००१ सालचा संगणक माळ्यावर पडून आहे, व त्याच्या पेटीवरील तो मोठा आंकडा अजून स्पष्ट वाचतां येतो.